पाऊणकीचा हिशेब आणि कृत्तिकांचे आकाश

आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपाशी उभे राहिले की खाली जोग नदीची खाडी आणि समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. खाडीवर पूल नव्हता तेव्हा माणसे तरीतून ये-जा करीत. भरतीची वेळ काढण्याचा कोकणकिनाऱ्यावरचा हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणावे. चतुर्थीस तीनच्या सुमारास भरती, अष्टमीस सहाच्या. चंद्र रोज सुमारे पाऊण तास मागे पडतो, म्हणून हे जुळते. पण गुणणाऱ्याला चंद्राची गती ठाऊक असण्याची गरज नाही; चौथीतला मुलगाही हे करील. मग यंत्राने केले तर नवल कसले?

नियमाने होणारे काम यंत्राला जमते, हे उघड आहे. पण माणसाची कल्पनाशक्ती यंत्राला कधी साधेल काय? याच किनाऱ्यावरच्या दोन ज्योतिर्विदांकडे पाहून या प्रश्नाचा विचार करू.

पहिले गणेश दैवज्ञ, समुद्रकाठच्या नांदगावचे. शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० हे वर्ष आरंभास धरून त्यांनी 'ग्रहलाघव' रचले. तोवर ग्रह काढायचे म्हणजे दिवसांच्या अवाढव्य संख्या आणि ज्या-चापांचे किचकट गणित. गणेशांनी काळाचे ११ वर्षांचे तुकडे पाडले, त्यामुळे मोजावयाचे दिवस सुमारे ४,०१६ च्या आत राहिले. ज्या-चापांना तर त्यांनी रजाच दिली. साध्या आकडेमोडीवर पंचांग होऊ लागले. पोथी हेच जणू यंत्र झाले. परंतु काय टाकून दिले तरी चालेल, हे पोथीने ठरविले नव्हते. पुढे शतके लोटली. पोथी इमानाने तीच गणिते सांगत राहिली आणि आकाश हळूहळू तिच्यापासून दूर गेले. १८६० च्या सुमारास केरो लक्ष्मण छत्रे यांनी ग्रहांची नवी कोष्टके केली. चूक पोथीला खुपली नव्हती, माणसाला खुपली होती.

दुसरे शंकर बाळकृष्ण दीक्षित, १८५३ साली हर्णैपलीकडच्या मुरुडात जन्मलेले. शतपथ ब्राह्मणात यज्ञविधीच्या ओघात, कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असे म्हटले आहे. दीक्षितांना त्या वाक्यात प्रत्यक्ष आकाश पाहणारा माणूस दिसला. संपातचलनाचे गणित मागे नेऊन त्यांनी तो काळ इ. स. पूर्व ३००० च्या सुमाराचा ठरविला. १८९६ सालच्या 'भारतीय ज्योतिःशास्त्र' या त्यांच्या ग्रंथात हा विचार आहे. निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाले, ते असोत. हे गणित यंत्र क्षणात करील. पण विधीच्या वाक्यात आकाश दिसणे, ही कल्पना!

बॅबेजच्या नियोजित यंत्राविषयी लिहिताना एडा लव्हलेसने १८४३ मध्येच बजावले होते की, ते स्वतःहून काही निर्माण करण्याचा आव आणीत नाही. १९५० साली ट्युरिंगने उलट म्हटले, यंत्रे मला वारंवार चकित करतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गणकयंत्राचे १९६२ साली 'टिफ्रॅक' असे नामकरण झाले, तेव्हा आकडेमोड हेच त्याचे काम होते. आज यंत्रे ओव्या रचतात, चित्रे काढतात. कल्पनेची नक्कल त्यांना साधत नाही, असे म्हणणे आता प्रामाणिकपणाचे होणार नाही.

तरी एक फरक उरतो. पाऊणकीने भरती तीनला येते, हे खरे. पण वारा फिरला तर तरीवाला हिशेब बाजूस ठेवून पाण्याकडे पाहतो. चुकले तर बुडणार तो आणि त्याची माणसे. यंत्राला बुडण्याचे भय नाही. म्हणून त्याचे उत्तर आकाशाशी ताडून पाहण्याचे काम आपल्याकडेच राहते.

या लक्ष्मीपूजनाला आकाशकंदील लावून झाला की मुलांना अंगणात न्या. रात्रीच्या पहिल्या प्रहरी कृत्तिकांचा पुंजका वर येईल. तो ठीक पूर्वेला उगवत नाही, उत्तरेकडे सुमारे पंचवीस अंश ढळलेला असतो. का ढळला, हे मुलांना विचारायला लावा. दीक्षितांचा प्रवास अशाच एका प्रश्नातून झाला.