फाईल गेली कुठे?

फॉर्म भरला, फाईल जोडली, बटण दाबलं. आणि सर्व्हरवर पोचलं फाईलचं नुसतं नाव! याचं मूळ १९९५ सालात आहे. तोवर वेब फॉर्म फक्त मजकूर पाठवायचे. नोव्हेंबर १९९५ मध्ये झेरॉक्सच्या नेबेल आणि मॅसिंटर यांनी आरएफसी १८६७ मध्ये फाईलसाठी ‘मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा’ सुचवलं. पण डिफॉल्ट जुनंच राहिलं. म्हणून फॉर्मच्या टॅगमध्ये एन्कटाइप लिहायचं राहिलं, की फाईल आजही घरीच!

पीएचपीची तऱ्हा आणखी वेगळी. मूळ सेटिंगमध्ये एका फाईलला २ एमबी, अख्ख्या पोस्टला ८ एमबी. दुसरी मर्यादा ओलांडली, की फाईलसोबत भरलेला सगळा मजकूरही स्क्रिप्टला रिकामा दिसतो. अर्ज भरणाऱ्या बिचाऱ्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. तेव्हा कोड उसवण्याआधी टॅग बघा, मग मर्यादा.