हजेरीपट आणि गोळ्या

परवा नातू लातूरला आला होता. पुण्यात संगणकाचं शिकतो. म्हणाला, "आजोबा, कोणता पेशंट गोळ्या सोडणार हे आता मशीन आधीच सांगतं." मी म्हटलं, "बाबा रे, ते मलाही कळलं होतं." तो हसला. मला हसू आलं नाही.

१९८२ साली मी मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षक होतो. वर्गातल्या एका लेकराच्या वडिलांना क्षय झाला होता. तेव्हा उपचार वर्ष-दीड वर्षाचा असे. दोन-तीन महिन्यांत खोकला थांबला, अंगावर मांस चढलं. दिवाळी झाली, मुकादमाची उचल घेतलेली होती, टोळी ऊसतोडीला निघाली. आता गोळ्या सुटणार हे मला स्पष्ट दिसत होतं. मी बोललो नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास तो परतला तो रक्त ओकतच. मृग काही त्याने पाहिला नाही. पोराने कोयता हाती घेतला आणि मी हजेरीपटात त्याच्या नावावर लाल रेघ ओढली.

हा प्रश्न तसा जुनाच. १९५६ साली मद्रासला क्षयाच्या औषधोपचाराचं संशोधन केंद्र निघालं. सॅनेटोरियममधला रोगी आणि घरी औषध घेणारा रोगी, दोघेही जवळपास सारखेच बरे होतात, असा निष्कर्ष तिथून १९५९ मध्ये जाहीर झाला. गरिबांना केवढा दिलासा! पण मग "गोळी खरंच घेतली का?" हा प्रश्न मागे लागला. केंद्राची माणसं अचानक घरी जाऊन गोळ्या मोजत, लघवी तपासत. १९९७ पासून आपल्याकडे 'डॉट्स' आलं, म्हणजे दुसऱ्यासमोर गोळी गिळायची. पुढे '९९डॉट्स' निघालं. गोळी पाकिटातून काढली की आतला लपलेला फोन नंबर दिसतो. त्यावर फुकट फोन लावला की झाली हजेरी.

मुंबईतल्या सुमारे १७ हजार रोग्यांच्या अशा नोंदी मशीनला शिकवल्या. तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. चुकलेले फोन नुसते मोजण्यापेक्षा मशीनच्या मदतीने २१ टक्के जास्त रोग्यांपर्यंत वेळेत पोचता आलं असतं, असं त्यात दिसलं.

त्यांची एक अडचण मात्र मला फार पटली. ज्याच्या गोळ्या सुटू लागत, त्याच्याकडे आरोग्य कर्मचारी आधीच जाऊन येई. मग तो पुन्हा गोळ्या घेई आणि मशीनला वाटे, हा तर नियमित! फोनाची नोंद होते, दारावरच्या थापेची होत नाही. आमच्या हजेरीपटाचंही तेच. कोणाला घरून हाताला धरून आणलं, ते त्यात कुठे लिहिलेलं असतं?

आता क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा आहे. ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच. दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यातही तेच औषध पुढे चालू ठेवता येतं. मंडळी, तुमच्या ओळखीतलं कुणी औषधावर असेल, तर टोळी निघण्याआधी त्याला एवढं सांगून या.

भाकीत तर मी १९८२ सालीच केलं होतं. चार घरं ओलांडून त्याच्या दारी मात्र गेलो नाही.