नहर कोणाची?

दरवर्षी १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन येतो आणि १९ ते २५ नोव्हेंबर या काळात जागतिक वारसा सप्ताह. त्या दिवसांत आमच्या शहरात एकदम वर्दळ वाढते. शाळांच्या सहली निघतात, चित्रकलेच्या स्पर्धा होतात, सकाळी उन्हं वर यायच्या आत हेरिटेज वॉक निघतो आणि संध्याकाळी एखाद्या सभागृहात व्याख्यान असते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो छापून येतो. मग पुढच्या एप्रिलपर्यंत जुने दरवाजे पुन्हा आपले एकटेच.

हे सगळे व्यर्थ आहे असे मला अजिबात म्हणायचे नाही. उलट अशा फेऱ्यांमध्ये मी कित्येक वर्षे चालत आलो आहे, बोलावले तर चार शब्द बोलतही आलो आहे. मी इतिहासकार नव्हे. साधा बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. पण लोकांबरोबर चालताना एक प्रश्न मला नेहमी पडतो. सामान्य माणसाला त्याच्याच गावाचा इतिहास सांगायचा, तर सुरुवात कुठून करावी? राजांपासून? लढायांपासून? तहांच्या तारखांपासून? माझे उत्तर आता ठरून गेले आहे. सुरुवात पाण्यापासून करावी.

आमचे शहर म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. माझ्या शाळेच्या दाखल्यावर औरंगाबाद आहे, आजच्या टपालावर छत्रपती संभाजीनगर. त्याच्याही आधी ही खडकी होती. १६१० मध्ये मलिक अंबरने इथे राजधानी वसवली. १६२६ मध्ये तो वारल्यावर त्याच्या मुलाने, फतेहखानाने, गावाला फतेहनगर म्हटले. १६५३ मध्ये शहाजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार होऊन परत आला आणि औरंगाबाद झाले. २०२३ मध्ये आजचे नाव आले. चारशे वर्षांत चार नावे. मात्र उत्तरेकडच्या हर्सूलच्या बाजूने शहराकडे येणारा जमिनीचा उतार काही बदलला नाही. मलिक अंबरने तो उतार ओळखला आणि १६१७ च्या सुमारास त्याच्या आधाराने जमिनीखालून पाणी गावात आणले. तीच नहर-ए-अंबरी.

हा मलिक अंबर कोण होता, हे वॉकमध्ये विचारले की बहुतेक वेळा शांतता पसरते. तो हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियातला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला आणि या हातातून त्या हातात जात दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीतल्या चंगेजखान नावाच्या मोठ्या सरदाराने त्याला विकत घेतले. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा निजामशाही संपली असे सगळ्यांनी धरले होते. या एकेकाळच्या गुलामाने ती पुढे सव्वीस वर्षे जगवली. जहांगीर बादशहाला त्याचा इतका राग, की त्याने एक चित्र काढवून घेतले. त्या चित्रात बादशहा अंबरच्या भाल्यावर टांगलेल्या मुंडक्याला बाण मारतो आहे. प्रत्यक्षात ते मुंडके त्याच्या हाती कधी आले नाही. अंबर म्हातारा होऊन आपल्या मरणाने गेला.

आणि त्याच्या फौजेत कोण होते? मराठे सरदार होते, शहाजीराजे होते. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजांना अंबरने हरवले. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी कामी आले. शहाजी आणि शरीफजी ही नावेही अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या नावावरून ठेवली गेली, अशी परंपरा आहे. शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून कवींद्र परमानंदाने जे ‘शिवभारत’ रचले, त्यातही मलिक अंबरच्या शौर्याचा उल्लेख आदराने येतो. हे सांगितले की घोळक्यातले दोघेतिघे हमखास थांबतात. म्हणतात, हे आम्हाला शाळेत कुणी सांगितले नाही.

पण मी मुद्दाम लढाई आधी सांगत नाही. आधी नहर सांगतो. कारण लढाई सांगितली की ऐकणारा लगेच बाजू निवडतो. पाण्याचे तसे होत नाही.

नहरीची युक्ती समजायला साधी आहे, करायला मात्र महाकठीण. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी झिरपत असते. ते जमिनीखाली बांधलेल्या चुनेगच्ची पाटात गोळा करायचे. पाटाला उतार द्यायचा, पण बेताचा. जास्त दिला तर पाणी बांधकाम खाते, कमी दिला तर गाळ बसतो. ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडे ठेवायची, म्हणजे आत हवा खेळते आणि गाळ काढायला माणूस उतरू शकतो. गावाजवळ हेच पाणी खापराच्या नळांत शिरते. नळांभोवती चुन्याचे बांधकाम. मध्येमध्ये उंच खांब. पाणी खांबाच्या एका अंगाने वर चढते, माथ्यावर कोंडलेली हवा सोडते आणि दुसऱ्या अंगाने खाली उतरते, म्हणून नळ फुटत नाहीत. पंप नाही, इंजिन नाही. पाण्याच्या स्वभावाला धरून सगळे काम.

पुढच्या काळात शहरात अशा आणखी नहरी झाल्या. बेगमपुऱ्यातला थत्ते हौद आजही त्या नावाने ओळखला जातो. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यालगतची पाणचक्की १७४४ मधली. तिच्या नहरीच्या पाण्यावर जाते फिरायचे आणि आल्यागेल्यासाठी धान्य दळले जायचे. पर्यटक येतात आणि भिंतीच्या माथ्यावरून हौदात पडणाऱ्या पाण्याचा फोटो काढतात. ते पाणी इतक्या उंचावर चढले कसे, हे विचारणारा शंभरात एखादा. तो बहुधा दहा-बारा वर्षांचा असतो. त्याच्यासाठीच वॉक काढायचा.

आजच्या शहराला पाणी जायकवाडीहून येते. धरण खाली आणि शहर वर. त्यामुळे ते पंप लावून चढवावे लागते. गेल्या कित्येक वर्षांत आठवड्यातून एकदा नळ आल्याचे दिवस या शहराने पाहिले आहेत. रात्री दोन वाजता उठून पिंप भरणाऱ्या बाईला तुम्ही वारशाचे महत्त्व काय समजावणार? पण तिला सांगा, तुमच्या अंगणाखालून चारशे वर्षांपूर्वी वाहते पाणी जात होते. ती लगेच विचारील, कुठून? मग तिला इतिहासात रस निर्माण करायला वेगळे काही करावे लागत नाही.

एकदा जुन्या वस्तीत फिरताना एक वृद्ध बाई ओट्यावर बसल्या होत्या. आम्ही नहरीबद्दल बोलतोय हे ऐकून त्यांनी मला हाक मारली, “बेटा, इधर आ.” मग त्या आपल्या दख्खनी बोलीत सांगत राहिल्या. हौदाचे पाणी उन्हाळ्यातही कसे गार असायचे, रमजानमध्ये सहेरीच्या आधी घागरी कशा भरून ठेवायच्या, शेजारच्या वाड्यातल्या बायका मंगळागौरीला त्याच हौदावर कशा यायच्या. कॉलेजातल्या एका मुलीने ते सगळे वहीत उतरवून घेतले. माझ्या मते त्या दिवशीचे खरे व्याख्यान त्या बाईंनी दिले.

अर्थात आठवण म्हणजे पुरावा नव्हे, हेही तिथेच सांगावे लागते. आमच्याकडे प्रत्येक मोहल्ल्यात एक भुयार असते आणि ते थेट दौलताबादच्या किल्ल्यात निघते! लहानपणी आम्हीही त्यात खजिना आहे असे मानायचो. आता वाटते, नहरीची तोंडे आणि जमिनीखालचे पाट पाहूनच या कथा निघाल्या असाव्यात. भुयार होते, पण त्यातून राजे पळून जात नव्हते, पाणी येत होते. लोक काय सांगतात आणि कागद-दगड काय सांगतात, हे दोन्ही मांडावे आणि दोन्हींमधला फरक लपवू नये. एवढे पथ्य पाळले तर सामान्य श्रोतासुद्धा फार शहाणा असतो. बीबी का मकबऱ्याच्या दारावरच्या लेखात अताउल्ला या वास्तुरचनाकाराबरोबर हंसपतराय या अभियंत्याचे नाव आहे. तेवढी दोन नावे वाचून दाखवली की लांबलचक भाषणाची गरजच उरत नाही.

मला वॉकमध्ये कुणीतरी एकदा तरी म्हणतेच, “तुम्ही मराठी फार छान बोलता हो!” मी हसून म्हणतो, “काका, तुम्हीही.” ते ओशाळतात, मग आम्ही दोघे चहा घेतो. त्यांच्या मनात काही वाईट नसते. पण या कौतुकामागे एक समजूत असते, की ही भाषा आणि हा इतिहास यांचे मालक कुणी एक आणि बाकीचे पाहुणे. दुसरीकडे आमच्या मोहल्ल्यातला एखादा पोरगा म्हणतो, “चाचा, ये सब पढ़के अपने को क्या मिलेगा?” त्यालाही कुणीतरी सांगून ठेवलेले असते, की हे तुझे नाही. या दोघांनी एकाच नहरीच्या तोंडाशी उभे राहून आत वाकून पाहावे, यासाठी माझी सारी धडपड.

नाहीतर काय होते? वली हा उर्दू गझलचा आद्य मोठा कवी. त्याचा जन्म १६६७ मध्ये औरंगाबादचा मानतात आणि त्याची कबर अहमदाबादेत होती. २००२ च्या दंगलीत ती जमीनदोस्त झाली आणि त्यावर डांबरी रस्ता झाला. २०२५ च्या मार्चमध्ये खुलताबादेतली औरंगजेबाची कबर हटवण्याच्या मागणीवरून वाद पेटला आणि दंगल झाली नागपुरात. त्याच खुलताबादेत मलिक अंबरची कबर आहे. तिच्याबद्दल ना कुणी भांडायला येते, ना फूल वाहायला. आपल्याला इतिहास आठवतो तो रागाच्या वेळी. राग शांत असताना, साध्या दिवशी, तो सांगण्याची सवय मोडली की पुढचे सगळे सोपे होते. कबरीवर रस्ता करणेही आणि पायाखोदाईत नहर फोडणेही. नहर फुटताना कुणाचा धर्म दुखावत नाही, म्हणून तर तिच्यासाठी कुणी ओरडतही नाही.

इतिहास लोकांत जाऊन सांगण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. महात्मा फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला तो १८६९ मध्ये. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुढे गावोगावी व्याख्यानमाला झाल्या, सतरंजीवर बसून माणसे दोन-दोन तास ऐकू लागली. आमच्या मराठवाड्यात नरहर कुरुंदकर बोलायचे. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी फारसी कागद वाचून मराठीत इतिहास सांगायचे. ही माणसे श्रोत्याला खूश करायला बोलत नव्हती, आणि तरी श्रोते येत होते. आजच्या वॉकने मोबाइलवरच्या दोन मिनिटांच्या इतिहासाशी स्पर्धा करू नये. त्या जुन्या सतरंजीशी नाते जोडावे.

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. व्याख्यान सभागृहात ठेवण्याऐवजी ज्या गल्लीबद्दल बोलायचे त्या गल्लीत ठेवा. मराठीत बोला, जमेल तिथे दख्खनीत. वेळ बायकांना सोयीची ठेवा, कारण पाण्याच्या आठवणी त्यांच्याकडे आहेत. शाळेतल्या मुलांना आपापल्या वॉर्डातल्या नहरींची तोंडे, खांब, हौद शोधून कागदावर टिपायला सांगा. तो कागद नगरसेवकाच्या आणि बांधकाम परवानगी देणाऱ्या साहेबांच्या टेबलावर ठेवा. ज्या गल्लीतल्या वीस घरांना आपल्याखाली काय आहे हे ठाऊक असेल, तिथे जेसीबी निदान विचारून तरी चालेल.

आमच्या शहरात भडकल दरवाजा आहे. मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून मलिक अंबरने तो १६१२ मध्ये बांधला. त्याच्याजवळच आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे आणि १४ एप्रिलला तिथे माणसांचा समुद्र लोटतो. बाजारात विकला गेलेला एक मुलगा राज्य चालवतो, शहर वसवतो, त्याला पाणी देतो. आणि पाण्याच्या हक्कासाठी महाडला सत्याग्रह करणाऱ्या महामानवाचा पुतळा त्याच्याच दरवाजाजवळ उभा राहतो. हे कुणी ठरवून केलेले नाही. पण १४ आणि १८ एप्रिलमध्ये अंतर फक्त चार दिवसांचे आहे. येत्या एप्रिलमध्ये १४ तारखेच्या गर्दीतल्या दहा माणसांना १८ तारखेच्या वॉकचे आमंत्रण द्यावे आणि वॉकमधल्या दहा जणांना १४ तारखेला इथे आणावे, असे मी ठरवले आहे. तुमच्या गावात असा एखादा दरवाजा, बारव, हौद असेलच. तिथे कुणाला बोलवायचे, ते तुम्ही ठरवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)