डॉ. कार्टर आणि वैद्यकांतील नामकरण

रोगास, अवयवास किंवा ग्रंथास वैद्याचें नांव देण्याची पाश्चात्त्य वैद्यकांत जुनी रूढि आहे. परंतु केवळ नांवावरून श्रेय ठरवूं गेल्यास संशोधकाची फसगत होते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका अध्यापकाच्या चरित्रावरून हें दाखविण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

'ग्रेज अ‍ॅनाटमी' हा प्रसिद्ध शारीरग्रंथ इ. स. १८५८ मध्यें लंडन येथें निघाला. त्याचा मजकूर हेन्री ग्रे यांचा. पण त्यांतील ३६३ चित्रें डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर (१८३१–१८९७) यांच्या हातचीं होत. ग्रे यांस दर हजार प्रतींमागें १५० पौंड मिळावयाचे होते. कार्टर यांस एकदांच १५० पौंड मिळाले. त्याच वर्षीं कार्टर मुंबईस आले. मुखपृष्ठाच्या कच्च्या मुद्रितावर ग्रे यांनीं कार्टर यांचें नांव लहान टाइपांत घेण्यास सांगितलें व ग्रँट कॉलेजांतील त्यांचें नवें पद खोडून टाकलें. ग्रंथास ग्रे यांचें नांव चिकटलें, तें आजतागायत कायम आहे.

पायाच्या एका दुर्धर रोगाची हकीकतही विचार करण्याजोगी आहे. जुन्नर तालुक्यांतील डिंगोऱ्यापासून साताऱ्यापर्यंत अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्यास कांटा बोचणें हें नित्याचेंच. अशा जखमेंतून रोगाचें बीज शिरल्यास पाय सुजतो, त्यास छिद्रें पडतात, पुवाबरोबर काळे किंवा फिकट कण येतात व अखेर हाड पोखरतें. मदुरा प्रांतांतील रुग्णांवरून यास 'मदुरा फूट' म्हणत. हे कण बुरशीचे असल्याचें कार्टर यांनीं प्रतिपादिलें, १८६० मध्यें रोगास 'मायसेटोमा' ही संज्ञा दिली व १८७४ मध्यें त्यावर ग्रंथ लिहिला. मधल्या काळांत, १८६३ ते १८७२ पर्यंत, ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. कांहीं प्रकार जंतुजन्य असतात, हें पुढें सिद्ध झालें. स्वतःचें नांव मात्र त्यांनीं रोगास दिलें नाहीं.

१८७६–७८ च्या दुष्काळांत मुंबईस आलेल्या उपाशी लोकांत उलटून येणारा ताप पसरला. १८७७ मध्यें कार्टर यांनीं रुग्णांच्या रक्तांत मळसूत्री जंतु पाहिले. त्यांस स्वतःसही तो ताप जडला. हे जंतु ओबरमायर यांनीं बर्लिन येथें आधींच पाहिले असून १८७३ मध्यें जाहीर केले होते, हें येथें नमूद केलें पाहिजे. हिंदी तापाच्या जंतूस पुढें कार्टर यांचें नांव मिळालें खरें. परंतु तो निराळा नव्हे असें ठरल्यावर तेंही प्रचारांतून गेलें.

सारांश, नांव हा श्रेयाचा निर्णायक पुरावा नव्हे. कार्टर यांचें नांव मागें पडलें, तरी त्यांनीं घडविलेला शब्द टिकला. २०१६ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें दुर्लक्षित रोगांच्या यादींत 'मायसेटोमा' याच नांवानें त्याची गणना केली. ज्या शेतकऱ्यांच्या पायांवरून हें ज्ञान मिळालें, त्यांचीं नांवें मात्र कोणत्याही संज्ञेंत नाहींत. इतिहासानें हें ऋण तरी विसरूं नये.