अंदमानात राहायचं कुठे?

आमच्या जामनेरहून समुद्र तसा लांबच. लहानपणी पाणी म्हणजे कांग नदीचं, तेही पावसाळ्यात. त्यामुळे चार रात्रींचं अंदमान ठरलं तेव्हा राहायचं कुठे यावर घरात जोरदार चर्चा झाली. बायको म्हणे, चारही रात्री हॅवलॉकला, समुद्राला लागून. आई म्हणे, "समुद्र काय, कुठूनही पाह्यला तरी समुद्रच. मला तात्यारावांची कोठडी निवांत पाह्यची आहे." मी सवयीप्रमाणे एक्सेल शीट उघडली, पण हॉटेलं राहिली बाजूला आणि इतिहासच वाचत बसलो. कारण या बेटांवर राहायचं कुठे, हा प्रश्न दोनशे वर्षांहून जुना निघाला!

पहिली निवड केली आर्चिबाल्ड ब्लेअरने. १७८९ मध्ये त्याने चॅथम बेटावर वसाहत थाटली. बंदर सुरक्षित, सगळं ठीक चाललेलं. पण आरमाराला आणखी मोठं बंदर हवं म्हणून १७९२ मध्ये वसाहत उत्तर अंदमानात हलवली. तिथे रोगराईने माणसं इतकी मेली की १७९६ मध्ये गाशाच गुंडाळावा लागला. चालू सिस्टीमला उगाच हात लावू नये म्हणतात, ते हेच!

दुसरी निवड १८५७ च्या उठावानंतरची. १० मार्च १८५८ ला डॉ. वॉकर २०० कैदी घेऊन आला. आधी पुन्हा चॅथमच, पण तिथे पिण्याच्या पाण्याची बोंब. मग मुख्यालयासाठी बंदराच्या तोंडावरचं रॉस बेट ठरलं. जंगल तोडलं कैद्यांनी. पळून गेलेल्या आणि पुन्हा सापडलेल्या ऐंशीहून जास्त कैद्यांना वॉकरने त्याच वर्षी फासावर चढवलं. पुढे रॉसवर चर्च, बेकरी, क्लब, पोहण्याचा तलाव असं सगळं उभं राहिलं. साहेबांचं रिसॉर्टच म्हणा ना. जून १९४१ च्या भूकंपाने ते मोडलं आणि मार्च १९४२ मध्ये जपानी आले. आज तिथे वडाच्या मुळांनी धरून ठेवलेल्या भिंती आणि हरणं आहेत. रात्री पर्यटकांना राहता येत नाही.

तिसरी जागा राहणाऱ्यांनी निवडलेली नव्हती. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेलं सेल्युलर जेल. सात विंगा, तीन मजले, सुमारे ६९० कोठड्या. प्रत्येक विंगेच्या कोठड्यांची तोंडं पुढच्या विंगेच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. झरोका डोक्याच्या बराच वर. गणेशपंत, म्हणजे बाबाराव सावरकर, इथे आधीच होते. विनायकराव ४ जुलै १९११ ला आले. दोघे सख्खे भाऊ १९२१ पर्यंत याच बेटावर. आता सातपैकी तीन विंगा उरल्या आहेत.

आणि हॅवलॉक? हे नाव १८५७ चा उठाव चिरडणाऱ्या जनरल हॅवलॉकचं. शेजारचं नील बेट जनरल नीलच्या नावाचं. म्हणजे कैदी ज्यांच्याविरुद्ध लढले त्यांचीच नावं बेटांना! २०१८ मध्ये ती बदलून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली, आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. बोलताना मात्र सगळे जुनीच नावं घेतात, मीसुद्धा. हॅवलॉकला वस्ती झाली ती फाळणीनंतर, पूर्व बंगालच्या निर्वासितांची. गोविंदनगर, विजयनगर, राधानगर ही गावं त्यांचीच. घर गमावून आलेल्या लोकांना सरकारने जिथे जमीन दिली, तिथे आज आपण 'सी-व्ह्यू' मागतो.

तर आमचा निर्णय. पहिली आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअर, मधल्या दोन हॅवलॉक. शेवटची रात्र मुद्दाम, कारण हवा बिघडली की बोटी रद्द होतात आणि विमान काही थांबत नाही. हॅवलॉकला विजयनगरात राहिलो. बहुतेक हॉटेलं याच पूर्व किनाऱ्यावर आहेत. ओहोटीला पाणी फार आत जातं, पोहायला मजा नाही, पण पहाटेचा सूर्य खोलीतून दिसतो. मावळतीसाठी रिक्षाने राधानगर. बायको खूश :)

आईला मात्र सकाळी जेल उघडताच घेऊन गेलो. सातव्या विंगेत तिसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाच्या कोठडीत ती बराच वेळ उभी राहिली. झरोक्याकडे पाहिलं, दाराच्या गजांतून बाहेर पाहिलं. मग गच्चीवर गेलो तर समोर निळंशार पाणी आणि साहेबांचं रॉस बेट.

आई म्हणाली, "अरे, एवढा समुद्र आहे इथे. आणि खालून काहीच दिसत नाही रे."

मी काही बोललो नाही. त्या संध्याकाळी हॉटेलात तिने स्वतःहून खिडकीकडची खाट मागितली.