मोडलेला मेळा पुन्हा उभा राहतो तेव्हा

भाऊबंदकी काही फक्त शेताच्या बांधावर आणि वाड्याच्या वाटणीतच होते असे नाही. मँचेस्टरच्या नोएल आणि लियाम या गॅलाघर बंधूंचा ‘ओएसिस’ हा प्रसिद्ध बँड ऑगस्ट २००९ मध्ये पॅरिसला, कार्यक्रमाच्या तोंडावर झालेल्या भांडणात फुटला. पुढे सोळा वर्षे दोघे भाऊ एकमेकांवर वर्तमानपत्रांतून तोंडसुख घेत राहिले, आणि ४ जुलै २०२५ रोजी वेल्समधल्या कार्डिफ शहरात पुन्हा एका रंगमंचावर उभे राहिले. लोकांची दाटी झाली, आणि मतांचीही. कुणी म्हणाले, पैशासाठी आले. कुणी म्हणाले, आमची तरुणपणची वर्षे परत मिळाली.

आपल्या भागात बँड म्हटले की वरातीपुढे वाजणारा ताफा डोळ्यांसमोर येतो. येथे मला अभिप्रेत आहे तो चारपाच गायक-वादकांचा, स्वतःची गाणी रचून स्वतःच वाजवणारा संच. त्याचे जवळचे नाते सांगायचे तर आपल्या गणेशोत्सवातल्या जुन्या मेळ्यांशी सांगता येईल. असे मेळे जमतात, फुटतात, आणि अलीकडे तर पुन्हा जमण्याचाच एक व्यवसाय होऊन बसला आहे. हे पुनर्मीलन खरे की खोटे, यावर पाश्चात्त्य संगीतप्रेमी मंडळी हिरिरीने वाद घालतात. मी इतिहासाचा शिक्षक. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो : मेळा मुळात मोडला कशाने? या प्रश्नाच्या उत्तरासाठी एकाच धाग्याने बांधलेल्या दोन बँडांची हकिगत सांगतो. एक न्यूयॉर्कचा, दुसरा प्रागचा.

न्यूयॉर्कच्या बँडचे नाव ‘वेल्वेट अंडरग्राउंड’. लू रीड, जॉन केल, स्टर्लिंग मॉरिसन आणि ढोल वाजवणारी मॉरीन टकर ही त्यातली मुख्य माणसे. चित्रकार अँडी वॉरहॉल याने त्यांना हाताशी धरले, आणि १९६७ साली त्यांची पहिली तबकडी वॉरहॉलने काढलेले केळ्याचे चित्र मिरवत बाजारात आली. ती फारशी खपली नाही. पुढे रीड आणि केल यांचे पटेना. १९६८ च्या उत्तरार्धात केल बाहेर पडला, १९७० साली रीड स्वतःच निघून गेला.

१९६८ च्या वसंतात वात्स्लाव हावेल नावाचा एक तरुण झेक नाटककार आपल्या नाटकाच्या निमित्ताने न्यूयॉर्कला गेला होता. परतताना त्याने या बँडची एक तबकडी सामानातून आणली. चेकोस्लोव्हाकियात ते मोकळ्या हवेचे दिवस होते, पण थोडेच उरले होते. २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रदेशांचे रणगाडे देशात शिरले. पुढच्याच महिन्यात मिलान हलव्सा या सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या मित्रांसह प्रागमध्ये एक बँड काढला. हलव्साने शिक्षण घेतले होते खाटकाच्या धंद्याचे. बँडचे नाव ‘प्लॅस्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’. हे फ्रँक झॅपा या अमेरिकन संगीतकाराच्या एका गाण्यावरून घेतलेले. वेल्वेट अंडरग्राउंडची गाणी ही त्यांची पहिली शाळा.

या मुलांना राजकारणाशी काही कर्तव्य नव्हते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. त्यांना लांब केस राखायचे होते आणि मनासारखे वाजवायचे होते. परंतु त्या राजवटीत कार्यक्रम करायचा तर सरकारी परवाना लागे. १९७० साली त्यांचा परवाना गेला आणि त्याबरोबर सरकारच्या मालकीची वाद्येही गेली. योझेफ यानिचेक हा त्यांचा एक वादक पूर्वी मोटार दुरुस्तीचे काम करी. त्याने जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंचे भाग जोडून आवाज वाढवणारी यंत्रे तयार केली. त्यांचा कलाविषयक मार्गदर्शक इव्हान यिरोउस हा कलासमीक्षक. त्याला व्याख्यान देण्याची मुभा होती. तेव्हा तो सभागृहात अँडी वॉरहॉलच्या चित्रांवर व्याख्यान देई, पडद्यावर चार चित्रे दाखवी, आणि मग ‘उदाहरणादाखल’ म्हणून बँड वेल्वेट अंडरग्राउंडची गाणी वाजवी. व्याख्यान थोडके आणि उदाहरणे फार!

सुरुवातीला ते इंग्रजीतून गात. पॉल विल्सन नावाचा प्रागमध्ये राहणारा एक कॅनेडियन तरुण १९७० ते १९७२ या काळात त्यांचा गायक होता. त्यानेच त्यांना सुचवले की, तुम्ही झेक भाषेतून गा. पुढे त्यांनी एगॉन बाँडी या कवीच्या, सरकारी छापखान्यात ज्यांना जागा नव्हती अशा कविता चालीवर बसवल्या. परक्या भाषेत गात होते तोवर ते उत्तम अनुकरण होते. आपल्या भाषेत गाऊ लागले आणि ऐकणाऱ्याला ते शब्द झोंबू लागले. द्विभाषिक जिल्ह्यात राहणाऱ्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. शाळेत एका भाषेत उत्तरे लिहिणारी आणि घरी दुसऱ्या भाषेत रडणारी-हसणारी मुले मी रोज पाहतो. कुठल्या भाषेतले गाणे कुठे लागते, हे त्या मुलांना नेमके ठाऊक असते.

मार्च १९७४ मध्ये दक्षिण बोहेमियातल्या चेस्के बुडेयोविस या गावाजवळ त्यांचा कार्यक्रम ठरला. दूरदूरहून शेकडो तरुण आले. कार्यक्रम झालाच नाही. पोलिसांनी जमावाला लाठ्यांनी झोडपून आगगाडीत कोंबले, काहींना अटक झाली, आणि पुढे कित्येक विद्यार्थ्यांची शाळांतून हकालपट्टी झाली. या घटनेविषयी वाचताना मी या शेवटच्या वाक्याशी थांबतो. लाठी पोलिसाने मारली हे खरे. पण शाळेच्या पटावरून नाव कमी करायचे तर कागद लागतो, आणि त्या कागदावर खाली सही कुणा मुख्याध्यापकाचीच असणार. त्यानेही कदाचित कपाटातून शिक्का काढला असेल, तारीख टाकली असेल, आणि पुढच्या तासाची घंटा वाजवायला सांगितली असेल. इतिहासाच्या पुस्तकात राज्यकर्त्यांची नावे येतात; या सह्यांची नोंद होत नाही. माझ्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाने ती मनात तरी ठेवावी.

फेब्रुवारी १९७६ मध्ये यिरोउसच्या लग्नाच्या निमित्ताने बोयानोविस या खेड्यात गाण्याचा मेळावा झाला. मार्चमध्ये धरपकड सुरू झाली. सप्टेंबरमध्ये प्रागच्या न्यायालयात खटला चालला. आरोप होता शांतताभंगाचा. यिरोउसला अठरा महिने, बँडचा सॅक्सोफोनवादक व्रातिस्लाव ब्राबेनेत्स याला आठ महिने, आणि त्यांच्याच वर्तुळातल्या आणखी दोन गायकांना बारा आणि आठ महिने शिक्षा झाली. हावेल त्या वेळी न्यायालयात जाऊन बसत असे. त्याच्या आणि त्याच्यासारख्या विचारवंतांच्या ध्यानात आले की, राजकीय विरोधकाला तुरुंगात टाकणे हा या राज्यकर्त्यांचा नेहमीचा खेळ. परंतु केवळ स्वतःच्या मनाप्रमाणे गाणाऱ्या पोराला तुरुंगात टाकले, तर मग कुणाचाच निभाव लागणार नाही. त्या जाणिवेतून प्राध्यापक, लेखक, पाद्री आणि पदच्युत पुढारी एकत्र आले आणि १ जानेवारी १९७७ या तारखेचे ‘चार्टर ७७’ हे मानवी हक्कांचे निवेदन निघाले. त्याच्या पहिल्या प्रवक्त्यांपैकी यान पातोच्का हे वयोवृद्ध तत्त्वज्ञ पोलिसांच्या प्रदीर्घ चौकशीनंतर त्याच वर्षी मार्चमध्ये वारले. हावेललाही पुढे १९७९ ते १९८३ अशी सलग वर्षे तुरुंगात काढावी लागली.

बँड मात्र लपतछपत वाजवत राहिला. हावेलच्या खेड्यातल्या घरी त्यांचे कार्यक्रम आणि ध्वनिमुद्रणे झाली. विल्सनला १९७७ मध्ये देशाबाहेर काढले गेले. ब्राबेनेत्सने १९८२ मध्ये कॅनडाची वाट धरली. आता गंमत पाहा. वीस वर्षे पोलिसांना जे जमले नाही ते १९८८ साली एका सवलतीने जमवले. वारे बदलू लागले होते, उघडपणे वाजवायला मिळण्याची शक्यता दिसत होती. मात्र त्यासाठी जुन्या नावाबाबत तडजोड करावी की करू नये, यावरून मंडळींत मतभेद झाले आणि बँड फुटला. हलव्साने ‘पुल्नोत्स’, म्हणजे ‘मध्यरात्र’, या नावाचा नवा बँड काढला. लाठीपुढे टिकलेली माणसे नावावरून दुरावली, याचे कुणाला हसू येईल. मला येत नाही. ज्या नावासाठी माणसे तुरुंगात गेली ते नाव ही काही दुकानाची पाटी नव्हे. आणि ज्याला वीस वर्षे मोकळेपणी वाजवायला मिळाले नाही, त्याची घाईही समजण्यासारखी आहे.

नोव्हेंबर १९८९ मध्ये ती राजवट कोसळली. रक्तपात झाला नाही, म्हणून त्या क्रांतीला ‘मखमली क्रांती’ म्हणतात. डिसेंबरअखेर हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. १९९० मध्ये लू रीड त्यांची मुलाखत घ्यायला प्रागला गेला, तेव्हा हावेलनी त्याच्या हाती एक लहानशी पुस्तिका ठेवली. रीडच्याच गाण्यांची ती झेक भाषांतरे होती, चोरून छापलेली. ती नुसती जवळ सापडली असती तरी तुरुंगाचे भय होते. न्यूयॉर्कमध्ये न खपलेल्या गाण्यांना प्रागमध्ये केवढी किंमत होती, हे रीडला त्या वेळी कळले असेल.

आता दोन्ही पुनर्मीलने शेजारी ठेवून पाहू. वेल्वेट अंडरग्राउंडचे चौघे जून १९९० मध्ये पॅरिसजवळ वॉरहॉलच्या स्मरणार्थ भरलेल्या प्रदर्शनात एका गाण्यापुरते एकत्र आले. १९९३ च्या जूनमध्ये त्यांनी एडिंबरोपासून युरोपचा दौरा केला. त्यात प्रागही होते. पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहातल्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रिका निघाली. पुढे अमेरिकेत जायचे, तोच रीड आणि केल यांचे पुन्हा बिनसले आणि सगळे तेथेच संपले. १९९५ मध्ये मॉरिसन वारला. जे मतभेद १९६८ साली होते तेच पंचवीस वर्षांनी तसेच्या तसे निघाले. मधल्या काळात माणसे भेटली होती, भांडण मिटले नव्हते.

प्लॅस्टिक पीपल एकत्र आले ते १९९७ मध्ये. चार्टर ७७ ला वीस वर्षे झाल्याचे निमित्त होते, आणि सूचना खुद्द राष्ट्राध्यक्ष हावेल यांची होती. कॅनडातून ब्राबेनेत्सही आला. ज्या बँडला एका सरकारने मोडायचे ठरवले, त्याला उभे राहण्याची विनंती दुसऱ्या सरकारचा प्रमुख करतो, ही गोष्ट ऐकायला गोड असली तरी तिच्यात एक धोका होता. सत्काराची शाल अंगावर पडली की गाणारा माणूस हळूहळू पुतळा होतो. वर्षातून एकदा वर्धापनदिनाला वाजवायचे आणि बाकी वेळ संग्रहालयात बसायचे, असे त्यांचेही होऊ शकले असते. तसे झाले नाही, कारण समारंभ संपल्यावर ते वाजवतच राहिले. सप्टेंबर १९९८ मध्ये हावेल यांच्या सन्मानार्थ व्हाइट हाउसमध्ये झालेल्या मेजवानीत लू रीडबरोबर हलव्सा वाजवायला उभा होता. जानेवारी २००१ मध्ये कर्करोगाने तो वारला, पन्नाशीही न गाठता. सहकाऱ्यांनी बँड बंद केला नाही; एव्हा तुर्नोव्हा या वादिकेने त्याची जागा घेतली आणि नवी गाणीही निघाली. झेक भूमीत जन्मलेले आणि बालपणीची काही वर्षे आपल्या दार्जिलिंगच्या शाळेत काढलेले इंग्रजी नाटककार टॉम स्टॉपर्ड यांनी २००६ साली या साऱ्या काळावर ‘रॉक अँड रोल’ हे नाटक लिहिले.

यावरून मी माझ्यापुरता एक आडाखा बांधला आहे. जुना मेळा पुन्हा जमला असे ऐकले की, सूर पूर्वीसारखा लागला का, तिकिटाचे दर काय होते, हे प्रश्न मी मागून विचारतो. आधी पाहतो की, तो मोडताना जे तुटले होते ते सांधले गेले का. आणि मग पाहतो की, पहिल्या कार्यक्रमानंतर दुसरे दिवशी सकाळी ही माणसे तालमीला बसली का. गॅलाघर बंधूंचा निकालही कार्डिफच्या गर्दीवरून लागणार नाही. तो याच दोन प्रश्नांवरून लागेल.

आपल्या गावागावांतूनही अशी मंडळे निजलेली आहेत. कुठे भजनी मंडळाचे पखवाज कपाटात आहेत, कुठे नाट्यमंडळाचे पडदे माळ्यावर आहेत, कुठे ऑर्केस्ट्रातल्या पोरांनी पोटापाण्यासाठी गाव सोडले आहे. त्यांतली काही मानापमानावरून मोडली, काही कुणाच्या तरी सहीने, आणि काही उगीचच. सुटीला माणसे गावी येतात तेव्हा एक दिवस पेटी बाहेर काढून वाजवणे सोपे असते. भाऊबीज आटोपून गाड्या निघून गेल्यावर, मागे राहिलेल्या दोघांनी पुढच्या आठवड्याची तालीम ठरवली, तरच मेळा पुन्हा उभा राहिला म्हणायचे.