आवाज मागे, ओठ पुढे : सिंहस्थाच्या जुन्या कॅसेट आणि मोबाइल व्हिडिओ दुरुस्त कसे करायचे?

उज्जैन : 2004 च्या सिंहस्थात रामघाटावर काढलेला आमच्या घरचा एक व्हिडिओ आहे. त्यात आत्या संकल्प सांगणाऱ्या गुरुजींशी दक्षिणेवरून हुज्जत घालते. तिचा आवाज असलेलं रेकॉर्डिंग आमच्याकडे तेवढं एकच. एका दुकानातून कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून आणली. सुरुवात ठीक होती, पण पन्नासाव्या मिनिटाला आत्या तोंड मिटते आणि वाक्य त्यानंतर ऐकू येतं. नाशिकच्या किंवा उज्जैनच्या सिंहस्थाच्या, मुंजीच्या, लग्नाच्या अशा फायली माळव्यापासून खानदेशापर्यंत कितीतरी घरांत असतील. 2028 चा सिंहस्थ आता लांब नाही, तेव्हा जुनं सामान निघणारच.

दुरुस्तीला हात घालण्याआधी मूळ फाइलची एक प्रत वेगळी ठेवा. मग फाइल दुसऱ्या प्लेअरमध्ये, ब्लूटूथ स्पीकर बंद करून बघा. ब्लूटूथमुळेही आवाज उशिरा येतो, त्यात फाइलचा काही दोष नसतो. आणखी एक गंमत : दत्त आखाडा घाटावरून झूम करून समोरचा रामघाट टिपला असेल, तर आवाज खरोखरच उशिरा पोचलेला असतो. आवाजाला 100 मीटर यायला साधारण 0.3 सेकंद लागतात. म्हणजे ढोलावर टिपरू पडलेलं आधी दिसणार आणि ठोका मागून ऐकू येणार.

आता मुख्य प्रश्न : फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा आहे, की वाढत जातो? घंटा, टाळी, झांज असा ठसठशीत आवाज सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी शोधा आणि तिन्ही ठिकाणचा फरक कागदावर लिहा. हे न करता लोक सरळ फाइल 'कन्व्हर्ट' करायला घेतात. त्यात दर्जा घसरतो आणि दोष बहुतेक वेळा तसाच राहतो.

फरक सारखाच असेल तर काम सोपं. कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअरमध्ये व्हिडिओ लावा. 'के' कळ दाबली की आवाज 50 मिलिसेकंद पुढे ढकलला जातो, 'जे' दाबली की तेवढाच अलीकडे येतो. आवाज मागे पडत असेल तर 'जे'. जुळलं की आकडा टिपून घ्या, कारण व्हीएलसी हा बदल फाइलमध्ये साठवत नाही. कायमचा बदल अ‍ॅव्हिडेमक्स या मोफत प्रोग्रॅममध्ये करता येतो : व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्ही 'कॉपी'वर ठेवायचे, 'शिफ्ट'वर टिक करून आकडा लिहायचा. उणे आकडा म्हणजे आवाज अलीकडे. 'कॉपी'मुळे चित्र नव्याने दाबलं जात नाही, त्यामुळे दर्जा जसाच्या तसा राहतो. अगदी मिलिसेकंदापर्यंत जुळवत बसू नका. आपल्याकडच्या कॅसेटवरच्या व्हिडिओत सेकंदाला 25 चित्रं असतात, म्हणजे एक चित्र 40 मिलिसेकंदांचं.

फरक हळूहळू वाढत असेल तर प्रकरण वेगळं. मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत याचं नेहमीचं कारण म्हणजे बदलती चित्रगती. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की तो सेकंदाला कमी चित्रं टिपतो. एडिटिंगचे काही प्रोग्रॅम मात्र गती एकसारखी धरून चालतात आणि आवाज सुटत जातो. हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून फाइल नव्याने काढा, मग एडिट करा.

मिनी डीव्ही कॅसेटमध्ये आवाजाचं घड्याळ चित्राशी पक्कं बांधलेलं नसतं, म्हणून लांब रेकॉर्डिंगमध्ये थोडा फरक साचतो. असा फरक एकसारखा वाढतो. समजा तासाच्या, म्हणजे 3600 सेकंदांच्या रेकॉर्डिंगला शेवटी आवाज 1 सेकंद मागे आहे. तर आवाज वेगळा काढून ऑडॅसिटीच्या 'चेंज टेम्पो'मध्ये लांबी 3601 ची 3600 करायची. एवढा बदल कानाला कळतसुद्धा नाही.

आमच्या आत्याच्या बाबतीत हे दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा फसलं. कारण फरक वाढत होता तो धक्क्याधक्क्याने : दहाव्या मिनिटापर्यंत काही नाही, मग एकदम, पुन्हा तिसाव्याला. कॅसेट उतरवताना कॉम्प्युटर मागे पडला आणि मधली चित्रं गळाली, आवाज मात्र पूर्ण आला. ताणून किंवा आखडून हे जुळत नाही. कॅसेट पुन्हा उतरवावी लागली. तासाला साधारण 13 जीबी जागा लागते, डिस्क मोकळी आणि बाकीचे प्रोग्रॅम बंद हवेत. फाइल झाली म्हणून कॅसेट फेकून दिली असती, तर हा रस्ताच बंद होता. कॅमेरा आणि फायरवायरचं पोर्ट असलेला कॉम्प्युटर दिवसेंदिवस दुर्मिळ होतोय, त्यामुळे कॅसेट घरात असतील तर हे काम पुढे ढकलू नका.

कोडेकचा घोळ आणखी निराळा. एमपी4 हा नुसता डबा. आत चित्र आणि आवाज कोणत्या पद्धतीने दाबलेत ते कोडेक ठरवतो. डबा ओळखीचा, पण आतला माल टीव्हीला कळत नाही, असं होतं. आवाज येतो आणि पडदा काळा, तर बहुधा चित्र एच.265 मध्ये असतं. आयफोन 2017 पासून हे वापरतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' केलं की एच.264 मध्ये रेकॉर्ड होतं. उलट जुन्या बटणांच्या फोनच्या 3जीपी फायलींत चित्र दिसतं पण आवाज नाही, कारण त्यातला एएमआर आवाज बऱ्याच टीव्हींना वाचता येत नाही. दोन्हींवर एकच इलाज : हँडब्रेकमधून एच.264 चित्र आणि एएसी आवाज असलेली एमपी4 काढा, मूळ फाइल मात्र ठेवा.

महाकालाची सवारी श्रावणातच संपत नाही. इथली मराठी पंचांगाची रीत धरून ती भाद्रपदातही निघते. तेव्हा सीमेपलीकडच्या नातेवाइकांना व्हिडिओ पाठवणं चालूच असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना तो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, म्हणजे मूळ फाइलच पोचते. नेहमीसारखा पाठवलात तर व्हॉट्सअ‍ॅप तो पुन्हा दाबून लहान करतं, आणि तीच प्रत पुढे चार घरांत साठवली जाते.